फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट बॅटरीचा चार्जर: एसीचा डीसी करताना क्रम कुठे चुकतो

प्लगमध्ये २३० व्होल्ट एसी येतो आणि बॅटरीला डीसी लागतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कॅपॅसिटर जोडला की चार्जर झाला, असं बरेच जण धरून चालतात. एवढ्या सामानात डीसी मिळतो, चार्जर मिळत नाही. चार्जरला दोन ठिकाणी थांबता आलं पाहिजे. करंट ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ द्यायचा नाही आणि व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवायचं. हे जमलं नाही तर बॅटरी एक तर कधीच पूर्ण भरत नाही, नाही तर फुगते. नागपूरच्या मे महिन्यात फुगायला तिला फार दिवस लागत नाहीत.

इथला चार्जर १२ व्होल्ट, ७ ते ८ अँपिअर-तासांच्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीसाठी आहे. पाठीवरच्या बॅटरी पंपात आणि कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसमध्ये हीच असते. इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासांच्या पाण्याच्या बॅटरीला तो पुरणार नाही. आजकाल काही पंपांत लिथियम बॅटरी येते, तिला हा चार्जर चुकूनही लावू नका. आधी बॅटरीवरचं लेबल वाचा.

१. सोल्डरिंग नंतर करा, आधी बॅटरी तपासा

निम्म्या वेळा दोष बॅटरीत असतो आणि चार्जर उगाच बदलला जातो. बॅटरी पंपातून सोडवून तासभर तशीच ठेवा, मग मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजा. भरलेली बॅटरी १२.७ ते १२.९ दाखवते. ११.५ ते १२ आलं तर ती उतरली आहे, पण चांगली आहे. १०.५ च्या खाली आलं तर ती फार खोल उतरलेली आहे. वाचेलही, पण पूर्वीइतकी क्षमता परत येईल याचा भरवसा नाही. ८ च्या खाली असेल किंवा डबा फुगला असेल तर चार्जरवर पैसे घालू नका. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या.

लेबलवर आणखी दोन आकडे असतात. सायकल वापरासाठी (बॅटरी रोज उतरते, रोज भरायची) साधारण १४.४ ते १५ व्होल्ट आणि स्टँडबाय वापरासाठी (चार्जर लावूनच ठेवायचा) १३.५ ते १३.८ व्होल्ट. कमाल चार्जिंग करंटही तिथेच छापलेला असतो. हे तिन्ही आकडे चार्जरच्या डब्यावर लिहून ठेवा, पाचव्या आणि सहाव्या टप्प्यात लागतील. हे आकडे २५ अंश तापमानासाठी असतात. आपल्याकडे २५ अंश वर्षातून किती दिवस असतं, ते वेगळं सांगायला नको.

२. सामान, आणि प्रत्येक वस्तू तीच का

नागपुरात सीताबर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत हे सगळं सुटं मिळतं. यादी नेमकी सांगा. नुसतं 'चार्जरचं सामान द्या' म्हटलं की १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर हातात पडतो, आणि पहिली चूक तिथेच होते.

ट्रान्सफॉर्मर ०-१५ व्होल्ट, २ अँपिअरचा घ्या. १२ व्होल्टचा का नको? एसीचे १२ व्होल्ट म्हणजे शिखरावर सुमारे १७ व्होल्ट. त्यातले दीड-दोन व्होल्ट डायोडमध्ये जातात, दोन व्होल्ट रेग्युलेटरला (व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर धरणाऱ्या भागाला) लागतात, थोडे करंट मोजणाऱ्या रेझिस्टरवर पडतात. बॅटरीसाठी १३ सुद्धा उरत नाहीत. १५ चे शिखरावर २१ होतात आणि हिशोब जमतो. आणि २ अँपिअर का, चार्जिंग तर पाऊण अँपिअरनेच करायचंय? कारण कॅपॅसिटर करंट सलग घेत नाही, थोड्या वेळासाठी झटक्याने ओढतो. वाइंडिंगवरचा करंट डीसीच्या दीड ते पावणेदोन पट भरतो. दोन ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन वजनाची तुलना करा. लेबल सारखं असूनही एक हलका लागला तर तो ठेवून द्या. १५-०-१५ मिळाला तर मधली तार आणि कडेची एक तार वापरा. दोन्ही कडेच्या तारा घेतल्या तर ३० व्होल्ट येतील आणि पुढचं सगळं जळेल.

बाकीचं सामान असं:

- १एन५४०८ डायोड, ५ नग (चार डायोड ब्रिजसाठी, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या जोडणीसाठी, एक उलट्या जोडणीपासून बचावासाठी)
- ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कॅपॅसिटर, १ नग
- ०.१ मायक्रोफॅरड डिस्क कॅपॅसिटर आणि १ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कॅपॅसिटर, एकेक
- एलएम३१७ रेग्युलेटर, सोबत अभ्रकाची किंवा सिलिकॉनची पट्टी, स्क्रूची प्लॅस्टिक बुश आणि हीटसिंक पेस्ट
- बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १ नग
- १एन५८२२ शॉटकी डायोड, १ नग
- रेझिस्टर: २२० ओहम, १.८ किलोओहम आणि १०० ओहम (पाव वॅट), २.२ किलोओहम (अर्धा वॅट), ०.८२ ओहम (२ वॅट). ४७० ओहम (१ वॅट, फक्त सेटिंगसाठी)
- १ किलोओहमचा मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रू फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) आणि एक एलईडी
- पंखवाली ॲल्युमिनियम हीटसिंक, साधारण ७५ × ५० मिलिमीटर
- ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज आणि २ अँपिअरचा फ्यूज, होल्डरसकट
- तीन तारांची मेन कॉर्ड, स्विच, कॉर्ड पकडणारी क्लिप, पीसीबी, डबा

डायोडबद्दल वाद होतो. १एन४००७ या करंटला चालतात, लगेच जळत नाहीत. पण बंद डब्यात, उन्हाळ्यात चांगलेच तापतात. १एन५४०८ ला काही रुपयेच जास्त पडतात, तेव्हा इथे काटकसर नको. कॅपॅसिटर २५ व्होल्टचा घेऊ नका. लोड नसताना १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर १७-१८ दाखवतो, त्यात रात्री लाइन २५० ला गेली की शिखर २५ च्या वर सहज जातं. ०.८२ ओहम मिळाला नाही तर १ ओहम लावा. करंट पाऊणऐवजी ०.६ अँपिअर होईल, भरायला दोन-तीन तास जास्त लागतील, एवढंच.

३. मेनची बाजू: आधी पूर्ण करा, मग झाका

फेज स्विचमधून, मग ५०० मिलिअँपिअरच्या फ्यूजमधून ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला. न्यूट्रल थेट. अर्थिंगची तार ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्याला आणि डबा लोखंडी असेल तर डब्यालाही. नव्या कॉर्डमध्ये फेज तपकिरी, न्यूट्रल निळी, अर्थिंग हिरवी-पिवळी असते. जुन्यात लाल, काळी आणि हिरवी. रंगावर विसंबू नका, प्लगच्या पिनेपासून मल्टिमीटरने सलगता तपासा. २३० व्होल्टच्या प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह हवी, आणि कॉर्ड डब्यात शिरते तिथे क्लिप लावून ओढ सांध्यावर येणार नाही असं करा. मेनच्या कामाची सवय नसेल तर हा एवढा भाग वायरमनकडून करून घ्या.

प्रायमरी कोणती आणि सेकंडरी कोणती, हे ओहमवर मोजून ठरवा. प्रायमरीचा रोध दहा ओहमांहून बराच जास्त येतो, सेकंडरीचा एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी. उलटं जोडलं तर पहिल्याच क्षणी फ्यूज जातो, आणि फ्यूज बसवला नसेल तर ट्रान्सफॉर्मर.

> थांबा: पहिल्यांदा लाइन देताना सिरीज बोर्ड वापरा. म्हणजे ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब फेजच्या तारेत सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर लुकलुकून विझला किंवा अगदी मंद राहिला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर शॉर्ट आहे. लाइन बंद करून शोधा. एलईडी बल्ब या कामाचा नाही.

तपासणी: सेकंडरीवर एसी १५ ते १८ व्होल्ट. त्यानंतर मेनच्या भागावर झाकण घाला आणि मगच पुढच्या कामाला लागा. पुढच्या सगळ्या चाचण्यांत हात बोर्डाजवळ असणार आहे.

४. ब्रिज आणि कॅपॅसिटर: इथे डीसी होतो, इथेच बॅटरी जोडायची घाई होते

डायोडची पांढरी रेघ म्हणजे कॅथोड. दोन डायोडच्या रेघा एकत्र आल्या की ते प्लस. बाकी दोन डायोडची बिनरेघेची टोकं एकत्र आली की ते मायनस. उरलेल्या दोन जोडांवर सेकंडरीच्या तारा, त्यांत उलट-सुलट काही नसतं. प्लस-मायनसवर ४७०० चा कॅपॅसिटर. त्याच्या अंगावर जिकडे पट्टा असतो तो पाय मायनस. कॅपॅसिटरला समांतर २.२ किलोओहम आणि एलईडी सिरीजमध्ये लावा. लाइन आल्याची खूण मिळते, आणि बंद केल्यावर कॅपॅसिटर रिकामाही होतो. एलईडी पूर्ण विझेपर्यंत बोर्डाला हात लावू नका.

एक डायोड उलटा बसला तर सेकंडरी शॉर्ट होते, म्हणून सिरीज बोर्ड अजून काढलेला नाही. बल्ब मंद असेल तर कॅपॅसिटरवर मोजा: लोड नसताना २१ ते २४ व्होल्ट डीसी. १० ते १२ आलं तर ट्रान्सफॉर्मर चुकीचा आहे. मीटर एसीवर ठेवूनही मोजा, लोडशिवाय आकडा जवळपास शून्य हवा.

> थांबा: या टप्प्यावर २०-२२ व्होल्ट पाहून अनेक जण बॅटरीचे क्लिप इथेच लावतात. बॅटरी पहिल्या तासात उत्साहाने करंट घेते, म्हणून वाटतं झालं. नंतर व्होल्टेज १५, १६ वर चढत जातं, आतलं पाणी वायू होऊन व्हॉल्व्हमधून निघून जातं, आणि सीलबंद बॅटरीत ते परत ओतता येत नाही. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या ॲडाप्टरने चार्ज करण्यात हाच घोटाळा आहे. वायफाय राउटरच्या १२ व्होल्टच्या ॲडाप्टरने उलटं होतं: तो १२ च्या वर जातच नाही, त्यामुळे बॅटरी रात्रभर लावूनही अर्धवट राहते आणि दुसऱ्या दिवशी वावरात दोन-तीन टाक्यांत पंप बसतो.

५. रेग्युलेटर आणि करंटची मर्यादा

एलएम३१७ छापील बाजू समोर, पाय खाली असा धरला तर डावीकडून ॲडजस्ट, आउटपुट, इनपुट. ७८१२ चा (ठरावीक १२ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरचा) क्रम वेगळा असतो. ज्यांच्या हाताला ७८१२ ची सवय आहे ते इथे हमखास चुकतात. पाठीचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो, म्हणून हीटसिंकवर बसवताना अभ्रकाची पट्टी आणि बुश दोन्ही लागतात. बसवून झाल्यावर पत्रा आणि हीटसिंक यांच्यात सलगता मोजा. बीप आली तर काढून पुन्हा बसवा.

जोडणी अशी:

- कॅपॅसिटरचा प्लस इनपुटला. इनपुटच्या पायाजवळच ०.१ मायक्रोफॅरड.
- आउटपुट आणि ॲडजस्टच्या मध्ये २२० ओहम.
- ॲडजस्टपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत १.८ किलोओहम आणि प्रीसेट सिरीजमध्ये. प्रीसेटचा मधला पाय कडेच्या एका पायाला जोडून टाका.
- बॅटरीचा मायनस आणि कॅपॅसिटरचा मायनस यांच्या मध्ये ०.८२ ओहम. हे दोन मायनस वेगळे आहेत, एकमेकांना कुठेही टेकू देऊ नका.
- बीसी५४७ ची सपाट बाजू समोर धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. कलेक्टर ॲडजस्टला, एमिटर कॅपॅसिटरच्या मायनसला, बेस १०० ओहममधून बॅटरीच्या मायनसला.
- आउटपुटपासून बॅटरीच्या मायनसला १ मायक्रोफॅरड. आउटपुटपासून पुढे १एन५८२२, रेघ बॅटरीकडे. त्यापुढे २ अँपिअरचा फ्यूज, मग बॅटरीचा प्लस.
- उरलेला १एन५४०८ फ्यूजच्या आतल्या बाजूला, प्लस-मायनसवर आडवा, रेघ प्लसकडे. बॅटरी उलटी लागली तर हा डायोड शॉर्टसारखा वागून फ्यूज उडवतो आणि बाकीचं सामान वाचवतो.

करंट वाढला की ०.८२ ओहमवर व्होल्टेज चढतं. ते ०.६ झालं की ट्रान्झिस्टर चालू होऊन ॲडजस्टला खाली ओढतो आणि आउटपुट तेवढंच उतरतं. ०.६ भागिले ०.८२ म्हणजे ०.७३ अँपिअर. ८ अँपिअर-तासांच्या बॅटरीला दहावा हिस्सा करंट हा जुना नियम आहे, त्यात हे नीट बसतं. दोन्ही मायनस चुकून एक झाले तर ही मर्यादाच नाहीशी होते, आणि व्होल्टेज बरोबर दिसत असल्याने ते कळतही नाही. या बांधणीतली सगळ्यात लपून बसणारी चूक हीच.

शॉटकी डायोड वगळू नका. लाइन गेली की बॅटरी उलटी चार्जरमध्ये उतरायला लागते. रात्री तीन तास लाइन नसली तर सकाळी कळतं.

६. व्होल्टेज सेट करा: बॅटरीशिवाय, पण लोडसकट

बॅटरीच्या क्लिपवर ४७० ओहम लावा आणि तिथेच मोजत प्रीसेट फिरवा. लोडशिवाय सेट केलं तर शॉटकीतून करंटच जात नाही, मीटर जास्त आकडा दाखवतो आणि खरी बॅटरी लावल्यावर दोन-तीन दशांश कमी पडतात. बॅटरी लावून सेट करणं तर त्याहून वाईट. तेव्हा आकडा बॅटरी ठरवते, तुम्ही नाही.

किती ठेवायचं? चार्जर रात्री लावून सकाळी काढायचा आणि कधीमधी विसरायचाच, असं असेल तर स्टँडबायचा आकडा धरा. २५ अंशाला १३.८ व्होल्ट. त्यानंतर दर अंशामागे सुमारे १८ ते २० मिलिव्होल्ट कमी. एप्रिल-मेमध्ये चार्जिंगच्या जागी ४० अंश असतील तर १३.५. नवतप्यात ४५ ला १३.४. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत १० अंशाला १४.१ चालतं. वर्षातून दोनदा प्रीसेट फिरवणं पुरे: एक होळीच्या आसपास, एक दिवाळीनंतर.

फवारणीच्या दिवसांत रोज बॅटरी पूर्ण उतरत असेल आणि एका रात्रीत भरायची असेल तर सायकलचा १४.४ ठेवा. पण मग दर अंशामागे ३० मिलिव्होल्ट वजा करायचे, म्हणजे ३५ अंशाला १४.१, आणि भरली की काढायचीच. टायमर सॉकेट लावलात तर उत्तम.

तपासणी: आता क्लिपवर दुचाकीचा २१ वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब लावा. तो मंद पेटेल. ०.८२ ओहमवर ०.५५ ते ०.६५ व्होल्ट हवं. ०.९ किंवा १ आलं तर ट्रान्झिस्टरचे पाय उलटे आहेत. ही चाचणी मिनिटभरच करा. बॅटरीपेक्षा बल्बवर रेग्युलेटर दुप्पट तापतो. क्लिप एकमेकांना टेकवून ठिणगी पाहणं ही तपासणी नव्हे.

७. पहिलं चार्जिंग

क्रम: लाइन बंद, क्लिप लावा, प्लस-मायनस पुन्हा पाहा, मग लाइन चालू. काढताना आधी लाइन बंद, मग क्लिप. सीलबंद बॅटरीतूनही जास्त चार्जिंग झालं की हायड्रोजन निघतो, म्हणून बॅटरीच्या तोंडावर ठिणगी नको. पंपाच्या डीसी जॅकमधून चार्ज करणार असाल तर आतली पिन प्लस आहे की मायनस, हे मीटरने बघा. सगळ्या पंपांत ती सारखी नसते.

जागा हवेशीर, कोरडी आणि सावलीत असावी. कूलरजवळ हवा थंड असते म्हणून चार्जर त्याच्या टाकीवर किंवा बाजूच्या ओल्या फरशीवर ठेवला जातो. ते अजिबात करू नका. बंद पत्र्याच्या खोलीतही नको.

पहिला तासभर जवळ राहा. ०.८२ ओहमवर ०.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण करंट जातोय. हीटसिंक बोट सेकंद-दोन सेकंद टेकवता येईल इतकी गरम होणं ठीक. ट्रान्सफॉर्मर कोमट. बॅटरी हाताला गरम लागली तर लगेच थांबा. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला १४ तासांच्या आसपास लागतात, १३.८ वर आणखी दोन-तीन. भरली हे कसं कळेल? त्याच रेझिस्टरवर ०.६ चं ०.०६ ते ०.०८ झालं, म्हणजे करंट ०.१ अँपिअरच्या खाली आला, की झालं. व्होल्टेजवरून ठरवू नका. ते करंट उतरायच्या खूप आधी आकड्याला पोचलेलं असतं.

८. तरी अडलं तर

व्होल्टेज १३ च्या वर जातच नाही: आधी मेन मोजा. २०० च्या खाली असेल तर १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर कमी पडतो. जिथे लाइन कायम अशीच असते तिथे १८ व्होल्टचा लावा, पण हीटसिंक दुप्पट करा.

अर्ध्या तासाने करंट आपोआप पडतो, थंड झाल्यावर परत येतो: एलएम३१७ तापून स्वतःला आवरतोय. पेस्ट लावली का, हीटसिंक डब्याच्या आत आहे का? बाहेर काढा.

बॅटरी दहा-बारा मिनिटांत 'भरते' आणि पंप लगेच बसतो: चार्जर ठीक आहे, प्लेटवर सल्फेट बसलंय. करंट घ्यायला जागाच उरलेली नाही. हे बहुतेक वेळा हंगाम संपल्यावर पंप उतरलेल्या बॅटरीसकट माळ्यावर टाकल्याने होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरी साधारण दुप्पट वेगाने आपोआप उतरते, आणि पत्र्याखालचा माळा मेमध्ये किती तापतो ते माहीतच आहे. बॅटरी पूर्ण भरून, पंपातून सोडवून, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. थंडीत दोन-तीन महिन्यांनी, मार्च ते जून दर महिन्याला मोजा, आणि १२.५ च्या खाली आली की एक रात्र लावा.